शिरस्त्राणाचा संच : करमणूक की कित्ता?

विज्ञानकथांतील वीरांची शिरस्त्राणे घरी जुळवून तयार करण्याचा छंद अलीकडे आमच्या विद्यार्थिवर्गात शिरू लागला आहे. पेटीतून सुटे भाग येतात. ते घासावयाचे, चिकटवावयाचे, रंगवावयाचे आणि स्नेहसंमेलनात वेषभूषेच्या स्पर्धेच्या दिवशी मस्तकी धारण करावयाचे. कित्येक पालकांस हा केवळ पैशाचा चुराडा वाटतो; कित्येक म्हणतात की, भाग आयतेच आले, तर मुलाने स्वतः केले ते काय? या दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. तथापि दोन्ही अपुरे आहेत, असे आमचे नम्र मत आहे.

या छंदाचे एक मोठे मूळ १९७७ साली पडद्यावर आलेल्या ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटात आहे. त्यातील सैनिकांची पांढरी शिरस्त्राणे करताना प्लॅस्टिकचा पत्रा तापवून मऊ केला, साच्यावर अंथरला आणि खालची हवा शोषून घेऊन त्यास आकार दिला. पुढे त्यांच्या प्रतिकृती विकण्यावरून खटला झाला व ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली असा निर्णय दिला की, हे शिरस्त्राण शिल्प नव्हे, चित्रपटाच्या कामी लागणारे ते एक साधन होय. तो कायद्याचा प्रश्न येथे सोडवावयाचा नाही. परंतु त्यावरून एक विचार सुचतो. वस्तू शिल्प नसेलही. पण ती जुळविताना हातास जे वळण लागते, त्याचे मोल निराळेच आहे.

ते वळण कोणते? दोन अर्धे भाग एकमेकांस चिकटविण्यापूर्वी ते कोरडेच जुळवून पाहावे लागतात. ही सबुरी पहिली. सांध्यात लांबी भरावी, ती वाळू द्यावी, मग आधी खरखरीत व नंतर बारीक पॉलिशपेपरने घासावी. हा क्रम दुसरा धडा. अस्तराचा पातळ हात दिल्याबरोबर, डोळ्यांस न दिसलेला प्रत्येक ओरखडा उघडा पडतो व पुन्हा घासावयास बसावे लागते. ही नम्रता तिसरी. आमच्या किनाऱ्यावरील दमट हवेत रंग सावकाश वाळतो, आणि पावसाळ्यात घाईने दिलेल्या रोगणावर पांढुरका धूसरपणा येतो. तेव्हा हवेचा स्वभाव ओळखणे, हेही शिक्षण त्यात आलेच.

आता आयत्या भागांच्या आक्षेपाकडे वळू. आपल्याच जिल्ह्यातील पेणकडे पाहावे. पेण आणि जवळची हमरापूर, जोहे ही गावे गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध आहेत. तेथील कारखान्यांत मूर्ती साच्यातूनच निघते. साच्यातून निघालेल्या मूर्तीचे सांधे साफ करणे, खळगे बुजविणे, घासणे, रंग देणे आणि सर्वांच्या शेवटी डोळ्यांची आखणी करणे, ही कामे मात्र माणसाच्या हाताची. आखणी करणाऱ्याचा हात एक केसभर ढळला, तर मूर्तीची मुद्रा बदलते. साचा आहे म्हणून पेणच्या कारागिरास कोणी ‘तुझे त्यात काय?’ असे विचारीत नाही. साच्यापुढे जे काम उरते, त्यातच त्याची कारागिरी आहे. शिरस्त्राण जुळविणाऱ्या मुलासही हाच न्याय लावावा.

परंतु न्याय पुरता लावावयाचा, तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. संच हा कित्ता आहे. कित्ता गिरविल्यावाचून अक्षरास वळण लागत नाही हे खरे. पण जन्मभर कित्ताच गिरविणाऱ्यास स्वतःचे पत्र लिहिता येत नाही. म्हणून एक संच पुरा झाल्यावर पालकांनी दुसरा विकत आणून देऊ नये. दुसरे शिरस्त्राण मुलाने पुठ्ठ्याचे, फोमचे किंवा कागदाच्या लगद्याचे स्वतः मापे घेऊन करावे. जव्हार-मोखाड्याकडील बोहाड्यात लगद्याचे मुखवटे किती जिवंत दिसतात, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांस हे साहित्य हलके वाटणार नाही.

येथेच आमची शाळेस एक सूचना आहे. वेषभूषेच्या स्पर्धेत महागड्या संचाचा झगमगाट आणि घरच्या लगद्याचे काम एकाच ओळीत उभे राहते. केवळ दिसण्यावर गुण दिले, तर बक्षीस मुलास न मिळता त्याच्या वडिलांच्या खिशास मिळते. होतकरू पण गरीब मुलाच्या मनावर याचा जो परिणाम होतो, तो लहान नव्हे. याकरिता निम्मे गुण कृतीस ठेवावे. प्रत्येक स्पर्धकाने कामाची वही दाखवावी, खर्च सांगावा आणि परीक्षकांच्या प्रश्नांस तोंडी उत्तरे द्यावी.

त्या प्रश्नांत विज्ञानही असावे. चंद्रावर गेलेल्या अपोलोच्या यात्रिकांच्या शिरस्त्राणास सोन्याचा अतिपातळ थर असलेले आवरण होते, ते कशासाठी? प्रखर सूर्यप्रकाश परतविण्यासाठी. अलिबागची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली सुरू झाली. तिच्या बांधकामात लोखंड का टाळले? सूक्ष्म मापनात बाधा येऊ नये म्हणून. वस्तूची घडण तिच्या कार्यावरून ठरते, हे ज्या मुलास उमगले, त्याचे खेळणे खेळणे राहिले नाही. १९८४ साली राकेश शर्मा आणि २०२५ साली शुभांशु शुक्ला अंतराळात गेले. त्यांच्या मार्गाने जाऊ इच्छिणाऱ्यांची तयारी अशाच प्रश्नांनी व्हावी.

अखेरीस काळजीच्या चार गोष्टी. घासताना उडणारी धूळ व रंगाची वाफ फुप्फुसांस अपायकारक आहे. म्हणून काम उघड्या हवेत, नाकातोंडावर योग्य मुखपट्टी बांधून आणि वडील माणसाच्या देखत करावे. शक्य तेथे पाणी लावून घासावे, म्हणजे धूळ उडत नाही. थिनरजवळ दिवा किंवा चूल नसावी. आणि सर्वांत महत्त्वाचे हे की, असले शोभेचे शिरस्त्राण घालून कोणीही दुचाकीवर बसू नये. रस्त्यावरील शिरस्त्राणासाठी आय. एस. ४१५१ हे भारतीय मानक आहे. आघात सोसण्याची कसोटी त्यास द्यावी लागते. शोभेच्या शिरस्त्राणाने अशी कोणतीही कसोटी दिलेली नसते.

पालकांनो, मुलाने संच मागितला, तर एकदम नकार देऊ नका आणि एकदम पैसेही देऊ नका. ‘हा पुरा झाल्यावर दुसरे तू स्वतः कशाचे करशील?’ एवढे विचारा. उत्तर मिळाले, तर तो खर्च वाया जाणार नाही.