ग्रंथ जपला म्हणून राष्ट्र टिकलं? जरा अलिबागला जाऊन या!

परवा आमच्या रत्नागिरीच्या एका ग्रुपवर मेसेज फिरत आला. ज्यूंनी दोन हजार वर्षं धर्मग्रंथ जपला म्हणून त्यांचं राष्ट्र उभं राहिलं, आपण काय जपलं? खाली पन्नास जणांनी हात जोडलेले. आधी मीही मान डोलावली. मग म्हटलं, अहो, ज्यूंची गोष्ट सांगायला थेट जेरुसलेम कशाला? शेजारच्या रायगडात, अलिबागच्या इस्रायल आळीत जा की.

बेने इस्रायल. दिवेकर, पेणकर, रोहेकर, केहीमकर. आडनावं आपल्यासारखीच, गावावरून पडलेली. नवगावजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, अशी त्यांची परंपरा. (आपल्या चिपळूणच्या परशुरामाच्या कथेतही समुद्रातून वाहून आलेले चौदा जणच आहेत. असो.)

आता मुद्द्याचं. या लोकांची परंपराच सांगते की जहाजाबरोबर त्यांचे ग्रंथही बुडाले. पिढ्यान् पिढ्या ना तोरा, ना हिब्रू. मग टिकलं काय? शनिवारी तेलाचा घाणा बंद. म्हणून तर गाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणायचं. मुलांची सुंता. 'शेमा' या प्रार्थनेचे शब्द. आणि मासळी! त्यांच्यात सांगतात, डेव्हिड राहाबी नावाचा ज्यू इथे आला. हे खरंच आपले का, हे बघायला त्याने बायकांपुढे मासे ठेवले. त्यांनी पंख आणि खवले असलेले तेवढे वेगळे काढले. कोकणात राहून कोळंबी, कुर्ल्या, तिसऱ्या सोडायच्या! कोकणी माणसाला यापुढे वेगळा पुरावा लागू नये.

मग ग्रंथ फालतू का? मुळीच नाही. १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर म्हणजेच सॅम्युएल दिवेकरांनी मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं. १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह हगादा छापली गेली, मिसरच्या गुलामगिरीतून सुटकेची कथा आपल्या भाषेत. लोक भुकेल्यासारखे ग्रंथाकडे गेले. पण आधी माणसं होती, ग्रंथ नंतर परत आला.

आता दुसरी बाजू. १९३७ मध्ये बेन-गुरिअन यांनी पील आयोगासमोर सांगितलं की या भूमीवरचा आमचा हक्क बायबलवरून आहे. राष्ट्र झालं. आपले कोकणी बेने इस्रायल मोठ्या आशेने तिकडे गेले. आणि १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींचा आदेश निघाला: बेने इस्रायल माणसाला इतर ज्यूंशी लग्न करायचं असेल तर आधी त्याच्या आईकडच्या पिढ्या तपासा!

आईकडच्या. म्हणजे ज्या बायकांनी ग्रंथ नसताना चुलीपाशी धर्म सांभाळला, त्यांच्याच वंशावर संशय. लोक जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले, तेव्हा १९६४ मध्ये संसदेने ठणकावलं की हे सर्वार्थाने ज्यू आहेत. आणि हो, खुद्द बेने इस्रायलांतही 'गोरे' आणि 'काळे' असा भेद होताच. वंश तपासायची खोड कुणाला सुटलेली नाही.

म्हणून ग्रुपवरच्या मंडळींना विचारतो: ग्रंथाच्या पायावर राष्ट्र उभारायचं म्हणता, तर त्या पायाशी टेबल टाकून दाखले तपासायला कोण बसणार? आज मान डोलावणाऱ्यांतल्या कितीजणांकडे आईकडच्या सात पिढ्यांचे कागद आहेत? माझ्याकडे तर आजीच्या माहेरचं आडनावही धड नाही.

ग्रंथ वाचा, जरूर वाचा. पण तो हातात घेऊन शेजाऱ्याच्या दारात पुरावा मागायला जाऊ नका. आपल्या कोकणाने तरी शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्यांना कधी कागद विचारले नव्हते.