जुन्या ट्रकचा धूर आणि आपला हिशेब

डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा या तालुक्यांत आपल्या लोकांच्या दारांत जे जुने ट्रक उभे आहेत, त्यांतील कितीतरी खनिजाच्या तेजीत घेतलेले आहेत. 2010-11 साली गोव्यातून सुमारे साडेपाच कोटी टन खनिज निर्यात झाले. त्या भरवशावर कर्ज काढून ट्रक दारात आला. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, पुढे मुभा मिळाली, मार्च 2018 मध्ये पुन्हा थांबल्या. डिसेंबर 2022 पासून खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले आणि ट्रकमालकाला पुन्हा आशा वाटू लागली. मधल्या काळात ट्रक मात्र पंधरा वर्षांचा झाला. आता प्रश्न नुसत्या भाडेदराचा राहिलेला नाही, मागून निघणाऱ्या काळ्या धुराचाही आहे.

या प्रश्नावर गावात दोन तट पडलेले दिसतात. एक म्हणतो, धुराच्या नावाखाली आमच्या पोटावर पाय देऊ नका. दुसरा म्हणतो, आमच्या मुलांनी हा धूर किती वर्षे गिळायचा? आम्हांला दोघांचेही म्हणणे खरे वाटते, कारण पुष्कळदा हे दोघे एकाच कुटुंबातले असतात. ट्रक काकाचा आणि खोकला पुतण्याचा! जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 साली डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकला. तेव्हा 'धुराने काय होते?' हा प्रश्न आता कोणी विचारू नये.

हे ट्रक असे का आहेत, हेही समजून घ्यावे. याच गोव्यातील माशेलचे सुपुत्र डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने 2002 साली वाहन-इंधन धोरणाचा अहवाल दिला. पुढे भारत-2 हे निकष 2005 साली, भारत-3 हे 2010 साली देशभर आले. भारत-4 साठी 2017 आणि भारत-6 साठी 2020 साल उजाडले. म्हणजे तेजीतले ट्रक बहुतेक भारत-2 किंवा भारत-3 चे. त्यांच्या सायलेन्सरमध्ये आवाज मारण्याची सोय आहे, काजळी अडवण्याची नाही.

म्हणून नवा सायलेन्सर बसवला की धूर गेला, या समजुतीत कोणी राहू नये. काळा धूर म्हणजे जास्त डिझेल आणि कमी हवा. चोंदलेला एअर फिल्टर, झिजलेले नोझल, जादा माल ओढण्यासाठी वाढवून ठेवलेला पंप, टर्बोच्या आधी फुटलेले गॅस्केट ही त्याची नेहमीची कारणे. आधी ही दुरुस्ती, मग पुढचे. सायलेन्सरच्या आतल्या जाळ्या काढून आवाज वाढवणाऱ्यांना तर आम्ही स्पष्ट सांगू इच्छितो की त्याने धूर तसूभरही कमी होत नाही, आणि मूळ बनावटीत बेकायदा बदल केल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम 182-अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा अशा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

खरी सुधारणा म्हणजे नळीत काजळी अडवणारा फिल्टर बसवणे. 2020 पासून देशभर 10 पीपीएम गंधकाचे डिझेल मिळते, त्यामुळे इंधनाची मोठी अडचण दूर झाली. मात्र साठलेली काजळी जाळायला धूर तापलेला लागतो. आपले टिप्पर जवळच्या फेऱ्या मारतात आणि प्लॉटवर रांगेत तासन्‌तास उभे राहतात. इंजिन ऑईल खात असेल तर फिल्टर लवकरच चोंदतो. म्हणून कोणत्या इंजिनाला कोणते साधन चालेल, हे गॅरेजवाल्याच्या अंदाजावर सोडता येणार नाही. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घेतलेली यादी सरकारनेच द्यायला हवी.

हे अशक्य नाही. टोकियोने ऑक्टोबर 2003 पासून काजळी ओकणाऱ्या जुन्या डिझेल ट्रकना बंदी केली, पण मान्यताप्राप्त फिल्टर बसवणाऱ्याला रस्ता मोकळा ठेवला आणि लहान व्यावसायिकांना खर्चात मदतही केली. लंडननेही 2008 साली अवजड ट्रकसाठी असाच मार्ग ठेवला होता.

आपल्याकडे काय झाले? 1 एप्रिल 2022 पासून पंधरा वर्षांवरील अवजड वाहनाच्या फिटनेस नूतनीकरणाचे शुल्क 12,500 रुपयांवर नेले. धुराचे निकष मोडल्यास 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे. शुल्क आहे, दंड आहे, वाट मात्र नाही. बँकेच्या काउंटरवर बसून हप्त्यांचे आकडे रोज पाहणाऱ्या आम्हांला इतकेच कळते की, ज्याचे आधीचेच कर्ज थकले आहे त्याला नव्या ट्रकचा सल्ला देणे म्हणजे बुडत्याच्या गळ्यात धोंडा बांधणे होय.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. मान्य साधनांची यादी जाहीर करावी आणि ती बसवणाऱ्या एक-दोन ट्रकच्या मालकांना अल्प व्याजाचे कर्ज व फिटनेस शुल्कात सूट द्यावी. ज्याचे इंजिनच थकले आहे त्याला ट्रक मोडीत काढताना योग्य मोबदला मिळावा; नव्या व्यावसायिक वाहनाच्या रस्ता करात 15 टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत आहेच, तिचा लाभ प्रत्यक्ष मिळावा. खाणीच्या फाटकावर धुराची खरीखुरी तपासणी व्हावी. भारत-4 पूर्वीच्या ट्रकसाठी शोषण गुणांकाची मर्यादा 2.45 आहे, ती यंत्राने मोजावी, नुसत्या शिक्क्याने नव्हे.

आणि आपणही आपली बाजू स्वच्छ ठेवू. पैसे देऊन पीयूसीचा कागद आणणारा ट्रकमालक सरकारला जाब विचारू शकत नाही. येत्या ग्रामसभेत ट्रकमालकांनी आणि रस्त्याकाठच्या घरांनी वेगवेगळे ठराव मांडून एकमेकांना खोडण्यापेक्षा एकच ठराव मांडावा. आपण दोन तोंडांनी बोलू लागलो तर ऐकणाऱ्याला एकही ऐकावे लागत नाही.