मात कोणावर करायची?

गेल्या पावसाळ्यात आमच्या मंडळाच्या सभागृहात एक व्याख्यान झाले. विषय होता 'कार्यालयीन परिवर्तन आणि कर्मचाऱ्यांच्या विरोधावर मात'. वक्ते मोठ्या हुद्द्यावरचे, आपल्याच एका जुन्या घराण्यातले. वाणी ओघवती, मराठी शुद्ध. माणूस स्वभावतःच बदलाला भितो, चाळिशी उलटलेला कारकून तर विशेषच. म्हणून चतुर व्यवस्थापकाने हा विरोध आधीच हेरावा आणि गोड बोलून, न जमल्यास कठोर होऊन, मोडून काढावा, असा त्यांच्या प्रतिपादनाचा सारांश. टाळ्या झाल्या. आम्हीही वाजवल्या. घरी परतताना मात्र त्या टाळ्या आम्हाला बोचू लागल्या.

कारण सभागृहात बसलेली मंडळी कोण होती? ज्यांचे पूर्वज शिंदे, होळकर, गायकवाडांच्या मागोमाग घरदार सोडून परक्या मुलखात आले, त्यांची ही पाचवी-सहावी पिढी. आमच्या आजोबांनी संस्थानी दफ्तरात मोडीत लिहिता लिहिता केस पांढरे केले आणि १९४८ साली मध्यभारत राज्य झाल्यावर, उतारवयात, हिंदीतून टिपणे लिहायला घेतली. वडोद्याकडच्या आमच्या सोयऱ्यांनी तेच गुजरातीत केले. या माणसांना बदलाचे भय होते असे म्हणायला जीभ रेटत नाही. त्यांची कुरकुर होती, आणि ती आम्ही लहानपणी ऐकली आहे. पण ती लिपीबद्दल नव्हती. कालपर्यंत ज्यांच्या अक्षराला मान होता, त्यांना नव्या साहेबाने एका शब्दानेही न विचारता नवशिक्यांच्या रांगेत बसवले, याबद्दल होती.

'विरोधावर मात' हा शब्दप्रयोग व्यवस्थापनशास्त्रात रूढ झाला तो बहुतांशी एका निबंधामुळे. लेस्टर कॉक आणि जॉन फ्रेंच या दोघांनी तो १९४८ साली प्रसिद्ध केला. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील मॅरियन गावी हारवूड कंपनीचा पायजमे शिवण्याचा कारखाना होता. कामगार बहुसंख्य स्त्रिया, मजुरी नगावर. कामाची पद्धत बदलली की उत्पादन घसरे, भांडणे होत, माणसे नोकरी सोडत. संशोधकांनी कामगारांच्या तुकड्या पाडल्या. एका तुकडीला साहेबांनी बोलावून नवी पद्धत आणि नवा दर सांगितला, शंकांना उत्तरे दिली आणि कामाला पाठवले. दुसरीने आपले प्रतिनिधी निवडले आणि त्यांनी नवी पद्धत ठरवण्यात भाग घेतला. उरलेल्या दोन तुकड्यांत सगळ्यांनीच घेतला. पहिल्या तुकडीचे उत्पादन ताशी साठ नगांच्या प्रमाणापर्यंत पुन्हा कधी पोचलेच नाही आणि पहिल्या चाळीस दिवसांत शेकडा सतरा जण सोडून गेले. प्रतिनिधींच्या तुकडीने चौदा दिवसांत साठ गाठले. सर्वांच्या सहभागाच्या तुकड्या तर जुन्या प्रमाणाच्याही सुमारे शेकडा चौदाने वर गेल्या, आणि तेथून कोणीही नोकरी सोडली नाही.

यापुढची हकिकत व्याख्यानात आली नाही, आणि खरे मर्म तिच्यातच आहे. पहिल्या तुकडीतील उरलेली तेरा माणसे अडीच महिन्यांनी पुन्हा एकत्र आणली गेली, आणि या खेपेस नवे काम त्यांना विचारून ठरवले. तीच माणसे, तेच हात; पण या वेळी त्यांनी भराभर मजल मारली आणि कोणीही गेले नाही. विरोध त्यांच्या स्वभावात असता तर अडीच महिन्यांत तो कोठे गेला? ज्या निबंधाच्या नावातून हा शब्दप्रयोग घेतला, त्याच निबंधाने त्याचा पाया काढून घेतला आहे.

अर्थात हारवूडची कथा आम्ही पोथीसारखी डोक्यावर घेत नाही. तेथे कामगारांना 'कसे करू या' हे विचारले गेले. 'करायचे की नाही' हे कोणी विचारले नाही. हा फरक लहान नाही. आमच्या इंदूरचेच पाहा. तुकोजीराव होळकरांच्या सनदेने १९२० साली स्थापन झालेली बँक, पुढे स्टेट बँक ऑफ इंदूर म्हणून नावारूपाला आलेली, २०१० साली भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली आणि पाट्यांवरून शहराचे नाव उतरले. अशा निर्णयाला कोणी नाही म्हटले तर ते भय नव्हे, ते मत आहे. त्याचा प्रतिवाद करता येतो. मतावर उपचार करता येत नाहीत.

बँकांच्या संगणकीकरणाची गोष्ट आम्हाला आतून ठाऊक आहे. एका बँकेत (नाव घेत नाही) आम्ही तीस वर्षे खर्डेघाशी केली. संघटनांनी संगणक दहा वर्षे अडवून धरला, हा आरोप आजही ऐकू येतो. त्यात तथ्य अजिबात नाही असे नाही. १९८३च्या करारात यंत्रे किती आणि कोणती, याला मर्यादा घातल्या होत्या. खिडकीबाहेर पितळी टोकन मुठीत धरून ताटकळणाऱ्या ग्राहकाने त्याची किंमत मोजली, आणि त्या काळी आम्ही घोषणा देणाऱ्यांत होतो, हेही कबूल करतो. पण आमचा राग यंत्रावर नव्हता. सहामाहीच्या अखेरीस खतावण्यांची बेरीज मुख्य खात्याशी जुळेना आणि सत्तावीस पैशांच्या फरकापायी रात्री अकरापर्यंत कंदिलासारख्या दिव्याखाली आकडे टिपत बसलो, त्या आम्हाला बेरजा करणारे यंत्र नको होते, असे कोण म्हणेल? आम्ही विचारत होतो ते एवढेच, की यंत्र आल्यावर टंकलेखक कोठे जाणार, बदली कोणाची होणार, आणि चूक यंत्राने केली तर पगारातून कोणाच्या कापणार. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे करारांच्या वाटाघाटींतून हळूहळू मिळाली. १९९३च्या करारानंतर वाट मोकळी झाली, आणि पन्नाशीला टेकलेल्या त्याच कारकुनांनी जुन्या खतावण्यांतील शिल्लक खात्यामागून खाते यंत्रात चढवली. २०००-२००१ साली स्वेच्छानिवृत्तीने एक लाखाहून अधिक माणसे सरकारी बँकांतून बाहेर पडली. विरोध संपला म्हणून कोणी समाधान मानले असेल, पण कोणत्या खातेदाराची सही कशी वळते हे ज्याला पाठ होते, तोही त्याच दाराने गेला. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला निवृत्तीपर्यंत मिळाले नाही.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेचे वारे आहे आणि तीच भाषा नव्याने ऐकू येते. परंतु दूर कशाला जायचे? आपल्या मंडळाच्या ग्रंथालयाची यादी गेल्या वर्षी संगणकावर चढवायचे ठरले, तेव्हा कार्यकारिणीत 'बाई अडथळा आणणार' हे वाक्य सर्वांत आधी उच्चारले ते आम्हीच. ग्रंथपालबाई तीस वर्षे त्या खुर्चीवर आहेत. त्यांना बैठकीला बोलावले नाही, विक्रेत्याला बोलावले. यादी झाली, आणि पुस्तकांची नावे रोमन अक्षरांच्या क्रमाने लागली: 'ज्ञ'ची पुस्तके कोणी 'डी'खाली घातली, कोणी 'जी'खाली. एकच लेखक आडनावाच्या तीन स्पेलिंगांमुळे तीन झाला. मोडी रुमालांना तर रकानाच नव्हता, म्हणून ते यादीतून गळले. बाईंनी हे सारे कामाला सुरुवात होण्यापूर्वी एका कागदावर लिहून दिले होते. तो कागद आम्ही 'विरोध' म्हणून फाइलला लावला होता. परवा शोधून काढला. बारा मुद्दे आहेत. नऊ तंतोतंत खरे ठरले, दोन अजून कळायचे आहेत आणि एक, वाचनालयाच्या वेळेबद्दलचा, आम्हाला आजही पटत नाही.

यादीची दुरुस्ती पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर आहे आणि विक्रेत्याला निमंत्रण गेले आहे. बाईंना गेलेले नाही. ते आम्ही उद्या स्वतः नेऊन देणार आहोत, आणि सोबत तो कागदही.