मिलिमीटरचा हट्ट

खेळण्यातली आगगाडी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? जत्रेत घेतलेली, चावी दिली की गोल गोल फिरणारी आणि चार दिवसांत चाक निखळून कपाटाखाली जाऊन बसणारी गाडी. पण इंग्लंड, अमेरिका, जर्मनीत हजारो मोठी माणसं अशी आहेत, की त्यांना ही छोटी आगगाडी अगदी हुबेहूब लागते. इंजिनाचा रंग, डब्याच्या खिडक्या, रुळांमधलं अंतर, सगळं मापात हवं. आता बायकांच्या पुरवणीत ही पुरुषांची हौस कशाला, असं कुणी विचारेल. पण ही मंडळी नुसती हौशी नाहीत, ती हट्टी गिऱ्हाइकं आहेत. आणि त्यांच्या हट्टापुढे मोठमोठे कारखानदार नमले आहेत.

ही गोष्ट समजून घ्यायची तर एक गंमत आधी सांगायला हवी. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९२० मध्ये खेळण्यातल्या रेल्वे बाजारात आणल्या. पुढे घरं लहान झाली तशा गाड्याही लहान झाल्या. खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे मॉडेलमधले साडेतीन मिलिमीटर, असं एक माप रूढ झालं आणि त्याप्रमाणे रुळांमधलं अंतर ठरलं साडेसोळा मिलिमीटर. पण ब्रिटिश इंजिनं मुळातच अंगानं लहान. त्या काळच्या मोटारी त्यांच्या पोटात मावेनात. मग कारखानदारांनी काय केलं? इंजिन आणि डबे फुटाला चार मिलिमीटर या मोठ्या मापानं केले आणि रूळ मात्र तेच जुने ठेवले. म्हणजे अंगरखा एका मापाचा आणि पायजमा दुसऱ्याच मापाचा!

खरा रूळ ४ फूट साडेआठ इंचाचा. चार मिलिमीटरच्या हिशेबानं मॉडेलमध्ये तो १८.८३ मिलिमीटर हवा. मिळत होता १६.५. तुम्हीआम्ही म्हणू, सव्वादोन-अडीच मिलिमीटरनं काय बिघडतं? पण खऱ्या गाडीच्या हिशेबात हा फरक सात इंचांचा होतो. समोरून बघितलं तर गाडी अरुंद पायांवर उभी असल्यासारखी दिसते.

या मंडळींनी तेव्हा नुसती नाकं मुरडली नाहीत. काहींनी १८.२ मिलिमीटरचे रूळ घरी तयार केले. १९६० च्या दशकात एका गटानं पट्टी घेऊन थेट १८.८३ वरच काम सुरू केलं. चाकं, रूळ, सांधे, सगळं हातानं. ‘असं होऊ शकत नाही’ म्हणणाऱ्या कारखानदाराला त्यांनी करून दाखवलं. बाजारातलं मुख्य माप आजही साडेसोळाच आहे, हे खरं. सगळा हट्ट पुरा होत नाहीच. पण निदान कुठे तडजोड केली आहे, हे गिऱ्हाइकाला कळू लागलं.

अमेरिकेतली गोष्ट तर आपल्याला चटकन पटेल. एका कंपनीचा डबा दुसऱ्या कंपनीच्या रुळावर चालेना, एकाची जोडणी दुसऱ्याला बसेना. आपल्याकडे एका कुकरची रिंग दुसऱ्याला बसत नाही, तसंच. १९३५ मध्ये मिलवॉकी शहरात हौशी लोक आणि या धंद्यातले लोक एकत्र आले आणि त्यांनी राष्ट्रीय संघटना काढली. तिनं चाकांची, रुळांची मापं ठरवून छापली. ती तपासायला धातूची एक छोटी मापपट्टी काढली, कुणाही सभासदानं रुळावर ठेवून बघावी अशी. कसोटीला उतरलेल्या मालाला प्रमाणपत्र देऊ केलं. सरकारी कायदा नाही, दंड नाही, तरी कंपन्या हळूहळू त्या मापावर आल्या. पुढे १९९० च्या दशकात एकाच रुळावरची वेगवेगळी इंजिनं वेगवेगळी चालवण्याचं इलेक्ट्रॉनिक तंत्र आलं, तेव्हाही या संघटनेनं एका जर्मन कंपनीची पद्धत पायाला धरून सर्वांसाठी एकच नियम केला. त्यामुळे एका कंपनीचं इंजिन दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर चालू लागलं.

इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातल्या पेको या रूळ करणाऱ्या कंपनीचं उदाहरणही असंच. तिच्या रुळाखालचे स्लीपर ब्रिटिश पद्धतीपेक्षा लहान आणि दाट, ही हौशी लोकांची जुनी तक्रार. वर्षानुवर्षं ते नेमकं सांगत राहिले, खऱ्या रुळाची मापं पुढे ठेवत राहिले. शेवटी २०१६-१७ च्या सुमारास कंपनीनं जुन्या ब्रिटिश घाटाचा रूळ, योग्य अंतराच्या स्लीपरसह, बाजारात आणला. आणि मागणाऱ्यांनी तो विकत घेतला. हे फार महत्त्वाचं. मागून झाल्यावर पाठ फिरवणाऱ्या गिऱ्हाइकाचं दुसऱ्यांदा कोण ऐकेल?

आपल्याकडेही या हौसेची ओळख आहे. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. तुमच्यापैकी काहींनी मुलांना नेऊन दाखवलंही असेल. आपली ब्रॉडगेज तर साडेपाच फुटांची, म्हणजे साडेतीन मिलिमीटरच्या मापात रूळ सव्वाएकोणीस मिलिमीटरचा हवा. आपली गाडी साडेसोळाच्या तयार रुळावर चालवायची, तर ती आपल्या मापाची होत नाही. हेही कुणीतरी मोजल्याशिवाय कळत नाही.

पण इथेच मला एक गोष्ट टोचते. १९९० च्या दशकात ब्रिटिश कंपन्यांचं काम चीनमध्ये गेलं. त्यानंतर इंजिनावरचे केसाएवढे बारीक दांडे, पायऱ्या, नळ्या वेगळ्या करून हातानं बसवल्या जाऊ लागल्या. मॉडेलं देखणी झाली. किमतीही चढल्या, आणि जे मुलांचं खेळणं होतं ते मुलांच्या हातातून सुटलं. हे बारीक काम करणारे हात कुणाचे? खेळण्यांच्या अशा कारखान्यांत मोठ्या संख्येनं असतात तरुण मुली, गावाकडून शहरात आलेल्या. १० मे १९९३ ला थायलंडमधल्या केडर या खेळण्यांच्या कारखान्याला आग लागली. तिथे आगगाड्या नव्हे, बाहुल्या आणि मऊ खेळणी होत. बाहेर पडायला पुरेशा वाटा नव्हत्या, काही दरवाजे बंद होते, इमारत बघता बघता कोसळली. १८८ जीव गेले, बहुतेक तरुण बायका.

अर्धा मिलिमीटर चुकला तर गिऱ्हाईक पत्र लिहितं. पण हे इंजिन जिथे जुळवलं त्या कारखान्याची दारं किती आणि ती उघडतात का, हे विचारणारी पत्रं किती? कारखानदार जे मोजून मागितलं जातं ते सुधारतो. जे कुणी मागतच नाही, ते तसंच राहतं. म्हणून हौशी मंडळींच्या मापपट्टीचं कौतुक करताना मला वाटतं, तिच्यावर माणसांसाठीही एक खूण असायला हवी.

आपलं काय? बचत गटाच्या बैठकीत मी नेहमी ऐकते, मिक्सरचं भांडं गळतं, शाळेच्या दप्तराची चेन दोन महिन्यांत जाते. ऐकून आपण मान डोलावतो आणि पुढच्या विषयाकडे वळतो. मुंबई ग्राहक पंचायतीनं १९७५ पासून दाखवलं आहे, की घरं एकत्र आली तर खरेदीतही शक्ती असते. मग दहा जणींनी मिळून एक कागद करायला काय हरकत आहे? कोणती वस्तू, कोणता नंबर, कुठे बिघडली, किती दिवसांत, आणि नेमकं काय हवं. खाली दहा सह्या. वस्तू सुधारली तर ती घ्यायची, आणि सुधारल्याचंही दोन ओळींत कळवायचं. आणि त्याच कागदावर शेवटचा एक प्रश्न घालायचा, ही वस्तू करणाऱ्या बाईला पुरेशी मजुरी आणि बाहेर पडायला उघडं दार मिळतं ना? उत्तर लगेच येणार नाही. पण आगगाडीवाल्यांनाही ते लगेच मिळालं नव्हतं.