पहिला फवारा मारण्याआधी रक्त तपासून घ्या



खरिपाची पेरणी तोंडावर आली आहे. जुलैपासून कपाशी, सोयाबीन, तुरीवर फवारण्या सुरू होतील आणि दिवाळीपर्यंत चालू राहतील. त्याआधी हातात जे थोडे आठवडे उरलेत, त्यांत एक काम झालंच पाहिजे. फवारणी करणाऱ्या प्रत्येक माणसाच्या रक्तातलं कोलिनेस्टरेज हे एन्झाइम तपासून त्याचा कागद घरात ठेवायचा. पहिला फवारा अंगावर उडाल्यानंतर ही तपासणी केली, तर तिचं निम्मं मोल गेलेलं असतं. म्हणून ही घाई.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात काय झालं ते आपण विसरलेलो नाही. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. अळी आणि रसशोषक किडींनी पीक धरलेलं, म्हणून मजूर नोझल वर धरून फवारत होते आणि तेच औषध त्यांच्या तोंडावर, छातीवर परत पडत होतं. जुलै ते ऑक्टोबर या काळात वीसहून अधिक माणसं दगावली आणि आठशेहून अधिक जणांना दवाखान्यात भरती व्हावं लागलं. काहींना काही काळ दिसेनासं झालं. सरकारने विशेष तपास पथक नेमलं, काही कीटकनाशकांची विक्री तात्पुरती थांबवली.

पण नुकसानीचा हिशेब मांडायची वेळ आली तेव्हा अडचण उभी राहिली. कुठलं औषध, किती दिवस, किती प्रमाणात अंगात गेलं? २०२० साली यवतमाळच्या पीडित कुटुंबांनी थेट औषध कंपनीच्या देशात, स्वित्झर्लंडमध्ये, दाद मागितली, तेव्हाही वाद याच मुद्द्यावर आला. आमच्या औषधाने हे झालं नाही, असं कंपनीचं म्हणणं. दु:ख कितीही खरं असलं तरी मोजमाप नसेल तर ते दारोदार सिद्ध करत फिरावं लागतं.

मोजायचं काय, ते नीट समजून घेऊ. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस, ॲसिफेट ही ऑर्गेनोफॉस्फेट गटातली औषधं. किडीच्या शरीरात ती ज्या प्रकारे काम करतात, त्याच प्रकारे माणसाच्या शरीरातही करतात. नसांकडून स्नायूंना आणि ग्रंथींना निरोप पोचवणारं एक द्रव्य असतं. निरोप पोचला की ते द्रव्य मोडून टाकायचं काम कोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम करतं. औषध या एन्झाइमला जखडून टाकतं. मग निरोप थांबतच नाही: तोंडाला लाळ सुटते, घाम फुटतो, बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी होतात, मळमळ, उलट्या, स्नायूंचा थरकाप, आणि शेवटी श्वास अडतो.

ही लक्षणं दिसण्याच्या कितीतरी आधी रक्तातलं एन्झाइम खाली येऊ लागलेलं असतं. आज एक फवारणी, चार दिवसांनी दुसरी, आठवड्याने तिसरी. रक्तद्रवातलं कोलिनेस्टरेज भरून यायला काही आठवडे लागतात, तांबड्या पेशींतलं भरायला तीन-चार महिने. मधल्या काळात माणूस पुन्हा पंप उचलतो आणि आधीच्या घटीवर नवी घट चढत जाते. त्याला वाटतं, थोडं डोकं दुखतंय, उन्हाने असेल.

आता खरी मेख इथे आहे. निरोगी माणसांतही या एन्झाइमची पातळी एकसारखी नसते. समजा, एका मजुराची मूळ पातळी १०,००० आहे आणि ऑगस्टमध्ये ती ५,५०० वर आली. लॅबच्या कागदावर 'नॉर्मल' मर्यादा साधारण पाच हजारांपासून बारा-तेरा हजारांपर्यंत छापलेली असते. म्हणजे रिपोर्ट नॉर्मल! प्रत्यक्षात त्या माणसाचं जवळपास निम्मं एन्झाइम गेलेलं आहे आणि त्याने त्याच दिवशी फवारणी थांबवायला हवी. शेजारच्या वावरातल्या दुसऱ्याची मूळ पातळीच ५,५०० असेल, तर त्याला काहीच झालेलं नाही. दोघांचा आकडा एक, अर्थ पूर्ण वेगळा. हा फरक फक्त एकच कागद सांगू शकतो: हंगामाआधीचा, त्याच माणसाचा, त्याच लॅबचा.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात १९७४ पासून हीच पद्धत आहे. तीस दिवसांत सहापेक्षा जास्त दिवस जहाल ऑर्गेनोफॉस्फेट किंवा तसंच काम करणारं कार्बामेट हाताळणाऱ्या कामगाराची मूळ पातळी आधी नोंदवतात. पातळी मूळच्या ८० टक्क्यांखाली आली की कामाची पद्धत तपासली जाते. तांबड्या पेशींतली पातळी ७० टक्क्यांवर किंवा रक्तद्रवातली ६० टक्क्यांवर उतरली की कामगाराला त्या कामावरून बाजूला काढतात आणि ८० टक्क्यांवर परत येईपर्यंत पंप हातात देत नाहीत.

आपल्याकडे कायदा नाही असंही नाही. १९७१ च्या कीटकनाशक नियमांतला ३७ वा नियम सांगतो की कीटकनाशकं बनवणाऱ्यांची आणि फवारणाऱ्यांचीही कामाआधी वैद्यकीय तपासणी व्हावी, नंतर बनवणाऱ्यांची दर तीन महिन्यांनी आणि इतरांची दरवर्षी व्हावी, आणि तिची नोंद ठेवावी. ऑर्गेनोफॉस्फेट आणि कार्बामेटचं काम असेल तिथे तर कोलिनेस्टरेज दरमहा तपासायला सांगितलं आहे. पन्नास वर्षांहून जुना नियम आहे. आपल्या गावात कुणाची अशी तपासणी झाली आहे का, हे शेजारच्याला विचारून पाहा.

वावरात जाऊन फवारणी नीट बघितली की मोजमापाची गरज वेगळी समजावून सांगावी लागत नाही. मजूर बादलीत दोन-तीन औषधं एकत्र ओततो, काडीने ढवळतो, काडी नसेल तर हाताने. पंधरा-सोळा लिटरचा पंप पाठीवर चढतो. टाकीचं झाकण सैल असतं, थेंब मानेवरून बनियनमध्ये उतरतात. नोझल तुंबलं की तोंडाने फुंकून मोकळं केलं जातं. मध्येच खर्ऱ्याची पुडी निघते आणि त्याच बोटांनी खर्रा गालात जातो. संध्याकाळी ओला शर्ट घरी येतो आणि घरची बाई तो बाकीच्या कपड्यांसोबत हाताने धुते. फवारणाऱ्याच्या शरीरात सर्वांत जास्त औषध कातडीवाटे जातं, आणि ओलं कापड ते कातडीला तासन् तास चिकटवून ठेवतं.

त्या बाईचाही विचार करा. निंदणाला, वेचणीला ती त्याच वावरात असते, कधी पोटुशी असताना. कॅलिफोर्नियाच्या सॅलिनास खोऱ्यात शेतमजूर कुटुंबांतल्या गरोदर स्त्रियांच्या लघवीतले ऑर्गेनोफॉस्फेटचे अंश मोजून त्यांच्या मुलांची वाढ वर्षानुवर्षं तपासली गेली. ज्या आयांमध्ये हे अंश सर्वाधिक होते, त्यांच्या मुलांचा बुद्ध्यंक सातव्या वर्षी, सर्वांत कमी अंश असलेल्या आयांच्या मुलांपेक्षा सरासरी सात अंकांनी कमी आढळला. मोजलं म्हणूनच हे कळलं.

एक इशारा आवर्जून. कोलिनेस्टरेजची तपासणी फक्त ऑर्गेनोफॉस्फेट आणि कार्बामेट या दोन गटांची बाधा दाखवते. कार्बामेटची बाधा तर काही तासांतच रक्तातून निवळते. सायपरमेथ्रीन, इमिडाक्लोप्रिड, डायफेन्थियुरॉन यांचा परिणाम या तपासणीत उमटत नाही. रिपोर्ट चांगला आला म्हणून हातमोजे, चष्मा, मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट सोडू नका. आणि म्हणूनच रक्ताच्या कागदाइतकीच एक साधी वही महत्त्वाची आहे.

तर आता प्रत्येकाने काय करायचं?

फवारणी करणाऱ्यांनी: पहिल्या फवारणीआधी सीरम (म्हणजे रक्तद्रवातलं) कोलिनेस्टरेज तपासून घ्या. मधल्या काळात, महिनाभर फवारणी झाल्यावर, त्याच लॅबमध्ये पुन्हा तपासा. वहीत तारीख, औषधाचं नाव, किती पंप मारले आणि त्या रात्री काय त्रास झाला ते लिहा. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणारी पोरं लिहितील. बाटलीवरचं लेबल फाडू नका, आतलं पत्रक फेकू नका. उताऱ्याचं नाव त्यावरच असतं. मळमळ, धुरकट दिसणं, छाती दाटणं यांतलं काहीही झालं तर काम थांबवा, कपडे काढा, साबणाने अंग धुवा आणि बाटली किंवा तिचा फोटो घेऊन दवाखाना गाठा.

वावराच्या मालकांनी: तपासणीचा खर्च मजुराच्या रोजीतून कापू नका, तो तुमचा आहे. ज्याला काल त्रास झाला त्याला आज पंप देऊ नका. पुण्या-मुंबईत राहून शेत मक्त्याने किंवा बटईने दिलेल्यांनो, आज गावी फोन लावा आणि विचारा: आपल्या शेतात फवारतं कोण, आणि त्याची तपासणी झाली का?

कृषी केंद्रचालकांनी: प्रत्येक औषधाचं पक्कं बिल द्या, त्यावर पूर्ण नाव आणि बॅच नंबर लिहा. मनाने मिश्रणाचा सल्ला देऊ नका.

डॉक्टरांनी आणि आशाताईंनी: हंगामात उलटी-चक्कर घेऊन आलेल्या प्रत्येकाला 'आज काय फवारलं?' हा प्रश्न विचारा आणि उत्तर केसपेपरवर लिहा. शक्य असेल तिथे उतारा देण्याआधी रक्ताचा नमुना काढून ठेवा, मात्र नमुन्यासाठी उपचार एक मिनिटही थांबवू नका.

ग्रामपंचायतींनी: पेरणी संपण्याआधी तपासणीचं शिबिर लावा, फवारणाऱ्यांची यादी करा, ठराव करून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे मागणी पाठवा.

आणि शासनाने: कपाशीच्या जिल्ह्यांत निदान ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर ही तपासणी मोफत उपलब्ध करावी, नियम ३७ फवारणाऱ्या मजुरापर्यंत पोचवावा, आणि कीटकनाशक कायद्याच्या कलम २६ चा वापर करून विषबाधेच्या प्रत्येक घटनेची नोंद बंधनकारक करावी. ते आकडे दरवर्षी लोकांपुढे यावेत.

वाचकांनो, या आठवड्यात एकाच माणसाची जबाबदारी घ्या. गावातला एक मजूर, एक सालगडी, एक भाऊ. त्याला लॅबपर्यंत न्या, तपासणीचे पैसे भरा, कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाशेजारी ठेवायला सांगा. नंतर दुसऱ्या घरी जा. पाऊस पडून पीक उभं राहिलं की किडी थांबणार नाहीत आणि फवारणीही थांबणार नाही. वेळ आत्ताच आहे.