स्वस्त मिलिटरी पिस्तूल आणि आपली कोपरखैरण्याची पोरं

गेल्या काही महिन्यांत आमच्या सेक्टरमधल्या दोन-तीन पोरांनी मला एकाच प्रकारचे व्हिडिओ दाखवले. अमेरिकेतला कुणी काका जुनं रशियन मकारोव्ह नाहीतर पोलंडच्या फौजेतून निघालेलं पिस्तूल टेबलावर ठेवतो, त्याचं चिकट ग्रीस पुसतो आणि मागच्या माळावर जाऊन डबे उडवतो. किंमत दोन-तीनशे डॉलर, म्हणजे आपले वीस-पंचवीस हजार. मग पोरं विचारतात, "काका, आपल्या आर्मीकडे पण जुनी पडून असतील ना? आपल्याला का नाही मिळत?"

प्रश्न वेडगळ नाही, म्हणून पोरांना "गप बसा" न म्हणता उत्तर देतो.

आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे. लष्कर-पोलीस वापरतात ते ९ एमएम, .३८०, .४५५, .३०३ हे बोअर सामान्य नागरिकाला बंद. फौजेतून निघालेलं पिस्तूल बहुतेक याच बोअरचं असणार, मग ते कितीही गंजलेलं असो. बेकायदा जवळ सापडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं आत, जास्तीत जास्त १४. परवाना मिळालाच तर हातात येतं ते .३२ बोअरचं. २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने 'निर्भीक' नावाचं .३२ चं रिव्हॉल्व्हर काढलं, खास महिलांच्या सुरक्षेसाठी म्हणून. किंमत सव्वा लाखाच्या घरात! कुठली महिला परवडून घेणार होती देव जाणे. सामान्य माणसासाठी परदेशी पिस्तुलांची आयात १९८० च्या दशकातच बंद झाली, त्यामुळे त्याआधी आलेल्या जुन्या पिस्तुलांना आज लाखांत भाव आहे.

पण आपल्या देशात कुणालाच मिलिटरी पिस्तूल स्वस्तात मिळालं नाही असंही नाही. गंमत इथेच आहे.

लष्कराच्या नेहमीच्या वापरात न बसणारी हत्यारं, ज्यांना 'नॉन सर्व्हिस पॅटर्न' म्हणतात, ती जबलपूरच्या सेंट्रल ऑर्डनन्स डेपोतून फौजी अधिकाऱ्यांना वैयक्तिक वापरासाठी स्वस्तात मिळायची. पुढे यातली हत्यारं राजस्थानात श्रीगंगानगर भागात चढ्या भावाने भलत्यांच्याच हातात गेलेली निघाली. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत पोचलं, लष्कराला आपल्याच अधिकाऱ्यांवर कारवाई करावी लागली. दुसरी खिडकी कस्टमची. जप्त केलेली परदेशी पिस्तुलं खासदारांना आणि बड्या अधिकाऱ्यांना दिली जायची. म्हणजे तुम्हा-आम्हाला नियम, आणि साहेबांना सवलत. याचा मला राग आहेच. पण म्हणून ती खिडकी सगळ्यांसाठी उघडा, असं मी म्हणणार नाही. जिथे शिस्तीचं एवढं कौतुक होतं तिथून हत्यारं बाहेर झिरपली, तर आपल्या नाक्यावर काय होईल?

आता कुणी म्हणेल, तुम्हाला बंदुकीतलं काय कळतं. आमची माणसं माथाडीची, मूळ सातारची. आमच्याकडे भावकीत घरटी एक तरी फौजी. माझे एक चुलते निवृत्त झाल्यावर बारा बोअरच्या परवान्यावर कॅश व्हॅनवर गनमन होते. ती बंदूक घरात असली की चुलती पाहुण्यांच्या पोरांना आतल्या खोलीत जाऊ द्यायची नाही. काडतुसं एका कुलपात, बंदूक दुसऱ्या. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करा, पावती सांभाळा, मग परत आणायला हेलपाटे. नूतनीकरण वेगळंच. चुलते म्हणायचे, "पगार होता म्हणून वागवली, नाहीतर हा बैल पोसायला कोण घेतो?" परवाना हा त्यांच्यासाठी भाकरीचा कागद होता. हौस त्यात कुठेच नव्हती.

आणि हौस म्हणाल, तर त्या अमेरिकन काकाची हौस पिस्तूल विकत घेण्यात थोडी आणि चालवण्यात जास्त आहे. तो एका दुपारी दोनशे गोळ्या झाडतो. आपल्याकडे स्वसंरक्षणाच्या परवान्यावर साधारण वर्षाला तेवढ्या मिळतात. त्यामुळे लाख-दीड लाख घालून घेतलेलं रिव्हॉल्व्हर कपाटात पडून राहतं आणि मालकाचा हात कधीच बसत नाही. सराव नसलेल्या हातात भरलेलं हत्यार, आणि तेही कोपरखैरण्यात! इथे भिंतीला भिंत लागून घरं, शेजारच्याच्या मिक्सरचा आवाज आपल्या हॉलमध्ये. चुकलेली गोळी कुठे जाईल याचा विचार करा.

मला खरी भीती मात्र परवान्यावाल्यांची नाही. कायदेशीर रस्ता महाग आणि लांबचा, आणि गावठी कट्टा स्वस्त. चोपड्याच्या पुढे मध्य प्रदेशच्या हद्दीवरच्या उमर्टीचं नाव पोलिसांच्या बातम्यांत किती वेळा येतं ते बघा. ज्याच्या नळीचा भरवसा नाही असा तो कट्टा कमरेला लावून आपली पोरं रील काढतात, खाली 'भाई का बर्थडे'. पोलिसांना तपासही करावा लागत नाही, पुरावा पोरगाच टाकतो. परवाना नसलेलं साधं हत्यार सापडलं तरी आता किमान २ वर्षं, ५ पर्यंत. आणि यातलीच कितीतरी पोरं पहाटे पोलीस भरतीसाठी धावत असतात. एकदा गुन्हा दाखल झाला की चारित्र्य पडताळणीत काय होतं, ते भरती करणाऱ्या कुणालाही विचारा.

मग नेम धरायची हौस असलेल्या पोराने करायचं काय? कोल्हापूरकडे बघा. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण आणलं. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये रायफलचं कांस्य आणलं, खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. सुरुवातीला लागतं ते एअर पिस्तूल. ४.५ एमएमच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला परवानाही लागत नाही. जागा म्हणाल, तर नेमबाजासमोर १० मीटर अंतर, मागे थोडी मोकळी जागा, पक्की भिंत आणि शिस्तीचा प्रशिक्षक. आपल्याकडे पालिकेच्या बहुउद्देशीय इमारतींमध्ये लग्नं होतात, हळदी होतात, भाषणं होतात. एका हॉलमध्ये चार लेन बसवायला काय हरकत आहे?

मी याचं निवेदन लिहायला घेतलंय. ज्यांची मुलं नवी मुंबईत किंवा ठाण्यात एअर पिस्तूल शिकतात त्यांनी फी किती, आठवड्याला किती दिवस, पिस्तूल क्लबचं की स्वतःचं, एवढं कमेंटमध्ये टाका. आकडे हातात असले की वॉर्ड ऑफिसात बोलायला बरं पडतं.