हंडा आणि खो-खो एकाच रकान्यात?

प्रति,
डॉ. टेड्रोस अधानोम गेब्रेयेसस,
महासंचालक, जागतिक आरोग्य संघटना, जिनेव्हा



मी साताऱ्याकडची एक निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षिका; पोरांच्या भाषेत ‘खेळाच्या बाई’. आपल्या संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांच्या चोवीस तासांचा हिशेब मांडला, तो वाचून बरे वाटले होते. तोवर खेळ मैदानाकडे, झोप आईकडे आणि टीव्ही नशिबाकडे अशी वाटणी होती. तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात १८० मिनिटे हालचाल करावी, त्यातली किमान ६० मिनिटे धाप लागेल अशी. पडद्यासमोर तासाहून जास्त बसू नये. दुपारच्या डुलकीसकट १० ते १३ तास झोपावे. या तिन्ही गोष्टी एकाच दिवसातून कापून घ्यायच्या असतात, एक वाढली की दुसरी आक्रसते, हे आपण प्रथमच जगभरच्या सरकारांना एका कागदावर दाखवलेत.

त्यानंतर मोजणीही जोरात सुरू झाली. ऑस्ट्रेलियातल्या वूलोन्गाँग विद्यापीठाच्या पुढाकाराने चाललेल्या ‘सनराइज’ अभ्यासात देशोदेशीच्या चिमुरड्यांच्या कमरेला हालचाल मोजणारी यंत्रे बांधली गेली. ३३ देशांतल्या सुमारे ७,००० मुलांची आकडेवारी एकत्र केली तेव्हा तिन्ही निकष पाळणारी मुले १४ टक्क्यांच्या आसपास निघाली. म्हणजे सातांत एक. हा आकडा गंभीर आहे, त्याबद्दल माझा वाद नाही. वाद आहे तो मोजपट्टीला काय दिसते आणि काय दिसत नाही, याबद्दल.

नोव्हेंबर २०१९ मध्ये आपल्या संशोधकांनी १४६ देशांतल्या सुमारे १६ लाख शाळकरी मुलांचा, प्रश्नावल्यांवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. ११ ते १७ या वयातली ८१ टक्के मुले रोज तासभरसुद्धा पुरेशी हालचाल करत नाहीत. मुलगे ७८ टक्के, मुली ८५. दक्षिण कोरियातल्या मुलींचा आकडा तर ९७. आणि सगळ्यांत कमी निष्क्रिय मुली कुठल्या? बांगलादेश आणि भारतातल्या. वर्तमानपत्रात हे वाचून आमच्याकडे काहींनी कॉलर ताठ केली. पण त्याचे संभाव्य कारण आपल्याच पत्रकात दिले होते: मुलांच्या बाबतीत क्रिकेटसारखे लोकप्रिय खेळ, आणि मुलींच्या बाबतीत घरकाम.

महोदय, त्या एका वाक्यावर थांबावे म्हणून हे पत्र आहे.

मुलगा मैदानात पळाला, मुलगी विहिरीवर गेली, आणि दोघांच्या पुढे तक्त्यात बरोबरची खूण पडली. हृदयाचे ठोके वाढले की हालचाल झाली, एवढेच शरीरशास्त्र पाहायचे तर हे चूक नाही. पण मी आयुष्यभर मुलींना मैदानावर आणण्यासाठी भांडले आहे. आठवीनंतर त्या का गळतात, हे मला कुठल्या सर्वेक्षणाने सांगायला नको. घरी धाकटे भावंड असते, संध्याकाळचे पाणी असते, शाळेच्या मागे धड स्वच्छतागृह नसते, मैदानाच्या कठड्यावर टवाळखोर बसलेले असतात. मग जी मुलगी खो-खोच्या संघातून गळाली, तिच्या डोक्यावर हंडा आला. आपल्या आकडेवारीत ती अजून सक्रियच आहे. 

दुसरी गंमत यंत्राची. कमरेचे यंत्र शरीराची गती टिपते, डोक्यावरचे ओझे नाही. भरलेला हंडा घेऊन जपून चालणारी मुलगी त्याला संथ चालणारी वाटते. सायकल मारत शाळेत जाणारी तर जवळजवळ बसलेली दिसते. म्हणजे प्रश्नावली कष्टाला व्यायाम म्हणून घेते आणि यंत्र त्याच कष्टाला फिरायला जाणे समजते. दोन्हीकडून तिचा दिवस चुकीचा लिहिला जातो. ‘तू आज खेळलीस का?’ हा प्रश्न मात्र ना यंत्र विचारते, ना त्या प्रश्नावलीतला ‘गेल्या सात दिवसांत किती दिवस रोज तासभर हालचाल केलीस’ हा प्रश्न.

आपण इथिओपियाचे आहात, तिथले आरोग्यमंत्रीही होतात. पिवळे कॅन घेऊन पाण्याला निघालेल्या मुली आपण जिनेव्हातल्या कुणाहीपेक्षा जास्त पाहिल्या असतील. म्हणून हे आपल्यालाच लिहिते आहे.

आमच्याच राज्यातल्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. पहाटे, कधी मध्यरात्रीनंतरच, आईबाप फडात जातात. कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, मागे राहिलेली शाळकरी वयाची मुलगी उठते, चूल पेटवते, धाकट्याला कडेवर घेऊन दिवसभर वावरते. आता लहानग्यांसाठीची आपली तीन निकषांची पट्टी तिलाही लावून पाहा. हालचाल भरपूर. पडदा जवळपास शून्य, कारण घरातला एकुलता फोन बापाच्या खिशात. झोप तेवढी कमी. तीनपैकी दोन विषयांत उत्तम गुण! पण बहुतेक वेळा ती पट्टी तिला लागतच नाही. आपली मोठी मोजणी शाळेच्या हजेरीपटावरून होते आणि नोव्हेंबर ते मार्च ती हजेरीपटावर नावापुरती असते. राज्य सरकारने अशा मुलांनी गावीच राहावे म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना काढली; ती जिथे नीट चालते तिथे मुले शाळेत टिकतात. जिथे चालत नाही तिथली मुले मोजणीतूनच नाहीशी होतात.

झोपेबद्दल आमच्याकडे एक प्रयोग नकळत होऊन गेला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस म्हणाले, मुलांची झोप पुरी होत नाही, शाळांच्या वेळा बदला. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाचा आदेश निघाला: पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतरच भरवावेत. लगेच बसवाले ओरडले, दोन पाळ्यांत भरणाऱ्या शाळांनी हात वर केले, नोकरी करणाऱ्या आयांनी विचारले की आम्ही ८ वाजता निघायचे तर पोराला सोडायचे कुणाकडे. मला हा आदेश मनापासून पटला होता, आजही पटतो. पण वेळ बदलल्यावर पोरे तासभर जास्त झोपली, की घर तासभर उशिरा झोपू लागले? एका खोलीत सहा माणसे राहतात तिथे मुलाची झोप घरातला शेवटचा दिवा ठरवतो. इतक्या मोठ्या राज्यात अशी वेळ बदलणे ही मोजणाऱ्यांसाठी पर्वणी होती. आपल्या तज्ज्ञांनी अशा ठिकाणी आधी आणि नंतर, दोन्ही वेळा पोचायला हवे.

पडद्याचे तर विचारू नका. मुलाने किती वेळ मोबाइल पाहिला, हे आपण आईला विचारता. आई जे सांगते त्यात थोडी माया असते आणि थोडी लाज. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये वेगळाच उपाय केला. संध्याकाळी ७ वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद. मुले अभ्यासाला बसतात. मला त्यातली आवडलेली गोष्ट अशी की भोंगा बापालाही लागू आहे. आपली मार्गदर्शिका मुलाच्या मिनिटांवर बोट ठेवते. गावाने आख्ख्या घरावर ठेवले. पुढच्या प्रश्नावलीत ‘मूल जागे असताना घरातली मोठी माणसे किती वेळ फोनवर होती’ हे विचारून बघा. उत्तरे खोटी येतील, पण प्रश्न तरी घरात पोचेल.

आता मागणे. २०३० पर्यंत निष्क्रियता १५ टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट आपल्या कृती आराखड्यात आहे. ते गाठताना हालचालीचा एकच रकाना ठेवू नका. खेळ वेगळा लिहा, चालत शाळेत जाणे वेगळे, आणि घरातले व शेतातले काम वेगळे. मुलीचा आणि मुलाचा फरक त्या रकान्यांत दिसू द्या. नाहीतर काय होईल सांगते: उद्या गावात नळ आला, मुलीचा हंडा सुटला, की आपल्या आलेखात भारतीय मुलींची सक्रियता घसरलेली दिसेल आणि कुणी तरी त्या घसरणीला प्रगतीची किंमत म्हणेल! नळासोबत मैदान मिळाले का, हे विचारले तरच तो आलेख कामाचा. खो-खोला दोन खांब आणि सपाट जागा पुरते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला खो-खोचा पहिला विश्वचषक भारतीय मुलींनी जिंकला, कर्णधार प्रियंका इंगळे आमच्या महाराष्ट्राची. तेव्हा सगळे श्रेय क्रिकेटला देऊ नये, ही एका खेळाच्या बाईंची तक्रार समजा.

आणि मोजणार कोण, तेही बघा. आरोग्यमंत्री म्हणून आपण इथिओपियात गावोगावच्या तरुण आरोग्यसेविकांचे जाळे वाढवलेत, तेव्हा अंगणवाडीताई काय असते हे मी आपल्याला सांगणे बरे नव्हे. ती आज पोरांचे वजन घेते, उंची घेते, ‘पोषण ट्रॅकर’ ॲपवर भरते. २०२१ मध्ये निकृष्ट मोबाइलला आणि इंग्रजीतल्या ॲपला कंटाळून महाराष्ट्रातल्या हजारो तायांनी ते फोन सरकारला परत केले होते. तिच्यावर आणखी एक ॲप लादू नका. तिच्याकडून माहिती घ्याल तर मोबदला द्या, आणि निष्कर्ष मराठीत, एका पानावर, तिच्या अंगणवाडीच्या भिंतीवर लागतील असे परत पाठवा. आजवर इथून आकडे वर गेले. खाली काय आले ते तिला विचारा.

ऊसतोडीच्या हंगामातली मोजणी करायची ठरली, तर कोपीवर जाताना दुपारची वेळ धरा. सकाळी तिथे फक्त मुले असतात आणि संमतीच्या कागदावर सही करायला कुणी मोठे नसते.



आपली,
एक निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षिका
सातारा